अलकनंदा आणि ७,६५३ अनामिक दीर्घिका

पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील संशोधक विद्यार्थिनी राशी जैन आणि त्यांचे मार्गदर्शक योगेश वाडदेकर यांचा एक शोधनिबंध २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये 'अ‍ॅस्ट्रॉनॉमी अँड अ‍ॅस्ट्रोफिजिक्स' या युरोपीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विश्वाचे वय आज सुमारे १,३८० कोटी वर्षे मानले जाते. ते जेव्हा केवळ १५० कोटी वर्षे होते, त्या काळातली एक दीर्घिका या दोघांनी जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या प्रतिमांमधून शोधून काढली. दोन रेखीव, सममित सर्पिल बाहू, मध्यभागी फुगवटा, सपाट तबकडी असे तिचे रूप आहे. तिला त्यांनी 'अलकनंदा' हे नाव दिले.

निबंधाचे कौतुक पुष्कळ झाले आणि ते योग्यच होते. पण कौतुकाच्या बातम्यांबरोबर एक वाक्य शाळाशाळांतून फिरू लागले : इतक्या लवकर इतकी सुघड दीर्घिका असेल तर महास्फोटाचा सिद्धांत चुकला असला पाहिजे. नागपूरच्या काही शिक्षकांनी हा प्रश्न मला विचारला, कारण त्यांच्या विद्यार्थ्यांनी तो त्यांना विचारला होता. माझा विषय खगोलशास्त्र नव्हे. मी पदार्थविज्ञानाचा संशोधक आहे. वर्णपट घेणे आणि वर्णपटांवर संशय घेणे हे माझे रोजचे काम. त्या नजरेने हा निबंध काय सांगतो, काय सांगत नाही आणि वर्गात तो कसा सांगावा याचे हे परीक्षण आहे.

प्रथम नावाविषयी. हिमालयात अलकनंदा आणि मंदाकिनी या नद्यांचा संगम रुद्रप्रयागला होतो. मंदाकिनी हे आपल्या आकाशगंगेचेही जुने नाव, म्हणून या दूरच्या दीर्घिकेला तिच्या बहिणीचे नाव. कल्पना सुंदर आहे, पण बहीण म्हटले की जुळी बहीण समजण्याचा मोह होतो. अलकनंदेचा व्यास सुमारे ३०,००० प्रकाशवर्षे, आपल्या आकाशगंगेचा साधारण एक लाख. अलकनंदेत दरवर्षी सुमारे ६३ सूर्यांइतक्या वस्तुमानाचे नवे तारे जन्मत होते, आपल्याकडे आज दोन-तीन सूर्यांइतके जन्मतात. आकार तिसरा हिस्सा आणि ताऱ्यांचे उत्पादन वीसपटीहून अधिक! आपली आकाशगंगा मध्यभागी दांडा असलेली सर्पिल आहे, हाही एक फरक. बातम्यांतून सर्रास येणारा 'अलकनंदा आकाशगंगा' हा शब्दप्रयोगही टाळावा. आकाशगंगा एकच, आपली; बाकीच्या दीर्घिका. मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द असताना आपण ते का गमवावेत?

आता मूळ मुद्दा. एवढ्या दूरच्या वस्तूचा आकार 'सर्पिल' आहे हे ठरवतात कसे?

पेंचच्या जंगलात काळोख चांगला असतो (तेथील व्याघ्र प्रकल्प २०२४ च्या जानेवारीत देशातला पहिला 'डार्क स्काय पार्क' ठरला). तेथून नुसत्या डोळ्यांनी दिसू शकणारी देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे, आणि तीही एक पुसट धुकट ठिपका म्हणूनच दिसते. अलकनंदेचा प्रकाश निघाला त्याला १,२३० कोटी वर्षे झाली. आकाशात तिचा विस्तार सुमारे दीड विकला आहे. एका अंशाच्या ३,६०० भागांपैकी दीड भाग. सीताबर्डीच्या टेकडीवर उभे राहून तीन किलोमीटरवर धरलेल्या दोन सेंटिमीटरच्या नाण्याकडे पाहावे, तितके हे दिसणे आहे. त्या नाण्यावरची नक्षी ओळखायची आहे.

अडचण केवळ लहानपणाची नाही. अलकनंदेची ताम्रसृती, म्हणजे रेड शिफ्ट, ४.०५ आहे. याचा अर्थ तिच्यापासून निघालेली प्रत्येक प्रकाशलहर आपल्यापर्यंत पोहोचताना ५.०५ पट लांब झाली आहे. विश्वाच्या प्रसरणामुळे अशा वस्तूच्या पृष्ठभागाची तेजस्विता या संख्येच्या चौथ्या घाताने कमी होते. विद्यार्थ्यांना गणित करू द्यावे : ५.०५ चा वर्ग साधारण २५.५, त्याचा पुन्हा वर्ग ६५०. म्हणजे हीच दीर्घिका शेजारी असती तर तिचा पृष्ठभाग जितका उजळ दिसला असता त्याच्या साडेसहाशेवा हिस्सा उजेड. सर्पिल बाहूंच्या मंद कडा अशा वेळी प्रथम नाहीशा होतात. म्हणून दूरच्या काळात सर्पिल दीर्घिका दिसल्या नाहीत एवढ्यावरून त्या नव्हत्याच असे म्हणता येत नव्हते.

तिसरी अडचण सर्वांत महत्त्वाची आहे आणि बातम्यांत ती क्वचितच येते. ताऱ्यांचा हिरवा-पिवळा प्रकाश साधारण ५०० नॅनोमीटर तरंगलांबीचा. अलकनंदेकडून येताना तो ५.०५ पट ताणला जाऊन २,५०० नॅनोमीटरच्या पुढे, अवरक्त भागात जातो. हबल दुर्बिणीचा कॅमेरा १,७०० नॅनोमीटरपर्यंतच पाहू शकतो. १,७०० ला ५.०५ ने भागले की ३३७ येतात. म्हणजे हबलला या दीर्घिकेचा केवळ जंबुपार प्रकाश दिसणार, आणि जंबुपार प्रकाश देतात ते नुकतेच जन्मलेले, तप्त, मोठे तारे. ते घोळक्याघोळक्याने असतात. रात्री विमानातून एखादे शहर पाहावे आणि केवळ लग्नाच्या मांडवांची रोषणाई दिसावी, तसे हे चित्र. त्यावरून शहराचा नकाशा काढला तर तो तुटक आणि अनियमितच येणार. हबलच्या १९९५ च्या प्रसिद्ध 'डीप फील्ड' प्रतिमेनंतर बाल-विश्वातल्या दीर्घिका वेड्यावाकड्या, गुठळ्यांसारख्या होत्या असा जो समज रुजला, त्यातला काही भाग खरा होता आणि काही भाग या अपुऱ्या खिडकीचा होता. जेम्स वेबचा या प्रतिमा घेणारा कॅमेरा ५,००० नॅनोमीटरपर्यंत पाहतो. तिला जुन्या ताऱ्यांची तबकडीही दिसते. अलकनंदेच्या जंबुपार प्रतिमेत बाहूंवर दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखे तारकागुच्छ दिसतात, तर लांब तरंगांत सलग बाहू. एकाच वस्तूची ही दोन रूपे निबंधातील सर्वांत शिकवण्याजोगी गोष्ट आहे, असे मला वाटते.

दैवाचीही थोडी साथ होती. अलकनंदा 'एबेल २७४४' नावाच्या दीर्घिकासमूहाच्या मागे आहे आणि त्या समूहाच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखे काम करून तिचा प्रकाश सुमारे दुप्पट केला आहे.

येथपर्यंत निबंधाची बाजू भक्कम आहे. आता ज्या जागी मी थांबतो त्या सांगतो.

ताम्रसृती ४.०५ ही वर्णपटावरून काढलेली नाही. वेगवेगळ्या वीसेक फिल्टरांतून घेतलेल्या प्रतिमांमधील तेजस्विता जोडून हा आकडा काढला आहे. वर्णपट म्हणजे रेषा न् रेषा दिसणारी सही, आणि फिल्टरांची मोजणी म्हणजे त्या सहीचे जाडसर रेखाटन. रेखाटनावरून माणूस बहुधा ओळखता येतो, क्वचित फसगतही होते. अशी मोठी फसगत अलीकडेच झाली. २०२२ मध्ये 'सीअर्स–९३३१६' या दीर्घिकेची ताम्रसृती फिल्टरांवरून सुमारे १६ ठरली होती आणि ती विक्रमी दूरची म्हणून गाजली. प्रत्यक्ष वर्णपट घेतला तेव्हा आकडा ४.९ निघाला. त्याच पाहणीतल्या 'मेझीज गॅलेक्सी'ची ताम्रसृती मात्र सुमारे ११.४, म्हणजे अंदाजाच्या जवळच निघाली. एक नापास, एक उत्तीर्ण. अलकनंदेच्या बाबतीत फिल्टर बरेच जास्त आणि अरुंद पट्ट्यांचे आहेत, त्यामुळे इतका मोठा घोटाळा होईल असे मला वाटत नाही. तरीही वर्गात सांगताना 'अंतर मोजले' याऐवजी 'अंतर अनुमानले' हा शब्द वापरावा.

दुसरे, आकड्यांचे आपसांत जुळणे. निबंधानुसार अलकनंदेतील ताऱ्यांचे एकूण वस्तुमान हजार-दीड हजार कोटी सूर्यांच्या आसपास आणि ताऱ्यांचे सरासरी वय सुमारे २० कोटी वर्षे. समजा गेली ४० कोटी वर्षे एकाच वेगाने तारे जन्मत होते. मग सरासरी वय २० कोटी येईल. ६३ गुणिले ४० कोटी म्हणजे २,५२० कोटी सूर्य. त्यातले मोठे तारे लवकर संपून आपला वायू परत करतात. तो हिस्सा साधारण एक-तृतीयांश धरून वजा केला की सोळा-सतराशे कोटी उरतात. पाहा, कसे छान जुळले! दहावीच्या मुलांनाही हे गणित आवडेल. पण ते आवडल्यावर त्यांना पुढचे सांगणे भाग आहे : हे तिन्ही आकडे त्याच प्रतिमांवर एकच प्रतिमान बसवून काढलेले आहेत. ते आपसांत जुळणारच. एकाच साक्षीदाराला तीनदा प्रश्न विचारून तीन साक्षी मिळत नाहीत.

तिसरे, आणि माझ्या मते खरे उणे, म्हणजे वेग मोजलेला नाही. तबकडी दिसते, पण ती किती सुरळीत फिरते हे प्रतिमा सांगू शकत नाही. समजा मध्यापासून १०,००० प्रकाशवर्षांवर सेकंदाला २०० किलोमीटर वेग आहे (हे गृहीतक माझे). तर एका प्रदक्षिणेला साडेनऊ कोटी वर्षे लागतील. ४० कोटी वर्षांत जेमतेम चार प्रदक्षिणा. आपला सूर्य आकाशगंगेभोवती एका फेरीला सुमारे २३ कोटी वर्षे घेतो. चार फेऱ्यांत इतके नेटके बाहू कसे तयार झाले?

येथे दोन शक्यता आहेत. १९६४ मध्ये लिन आणि शू यांनी मांडलेल्या कल्पनेनुसार सर्पिल बाहू ही घनतेची लहर असते; रस्त्यावर गाड्या पुढे जात राहतात, पण गर्दीचा पट्टा टिकून राहतो तशी. थंड वायू शांतपणे येत राहिला तर अशी लहर तबकडीत उठू शकते. दुसरी शक्यता, एखादी लहान दीर्घिका शेजारून गेली आणि तिच्या ओढीने बाहू निर्माण झाले. असे बाहू फार काळ टिकत नाहीत. पहिली खरी असेल तर तबकडी स्थिर व्हायला दीर्घ काळ लागतो हा जुना अंदाज बदलावा लागेल. दुसरी खरी असेल तर आपण एका अल्पायुषी क्षणाचे छायाचित्र पाहतो आहोत. दोन्ही शक्यता लेखकांनी स्वतः मांडल्या आहेत आणि निर्णयासाठी जेम्स वेबच्या वर्णपटांची किंवा चिलीतील 'अल्मा' रेडिओ दुर्बिणींची गरज असल्याचेही म्हटले आहे. निबंधात जो संयम आहे तो बातम्यांत गळून पडला.

'सर्वांत दूरची सर्पिल दीर्घिका' हे विशेषणही काहींनी बहाल केले. ते लेखकांचे नाही. २०२१ मध्ये 'अल्मा'ने ४.४ ताम्रसृतीच्या एका दीर्घिकेतील वायूत सर्पिल रचना दाखवली होती आणि २०२५ मध्येच जिनिव्हाच्या गटाने 'झूलाँग' ही ५.२ च्या सुमाराची सर्पिल दीर्घिका प्रसिद्ध केली. अलकनंदेचे महत्त्व क्रमांकात नसून तिच्या बाहूंच्या स्पष्टतेत आहे.

मग महास्फोटाचे काय? या शंकेचा एक छोटा इतिहास आहे. २०२२ मध्ये जेम्स वेबच्या पहिल्या प्रतिमांत तबकड्यांच्या दीर्घिका अपेक्षेपेक्षा बऱ्याच जास्त आढळल्या. त्या निबंधाच्या लेखकांनी एका पाश्चात्त्य गायकवृंदाच्या नावावर शाब्दिक कोटी करून शीर्षकात 'पॅनिक' हा शब्द घातला. महास्फोटाला जुना विरोध असलेल्या एरिक लर्नर यांनी त्याच वर्षी एका लेखात हा शब्द शास्त्रज्ञांच्या घबराटीचा पुरावा म्हणून वापरला. विनोद पुरावा झाला! तेथून ती हवा समाजमाध्यमांतून आपल्या शाळांपर्यंत आली. प्रत्यक्षात दोन प्रश्न वेगळे आहेत. विश्व पूर्वी उष्ण आणि दाट होते का, हा एक. त्यात वायूपासून दीर्घिका किती वेगाने घडल्या, हा दुसरा. पहिल्याचा आधार सर्वत्र पसरलेले सूक्ष्मतरंग प्रारण, हायड्रोजन-हेलियमचे प्रमाण, दीर्घिकांचे दूर जाणे यांवर आहे. त्यांपैकी एकालाही अलकनंदा हात लावत नाही. ती दुसऱ्या प्रश्नावर बोट ठेवते, आणि तेथे आपले ज्ञान खरोखरच कच्चे आहे. पाया आणि खोलीचा रंग यांत जितका फरक, तितका हा फरक आहे.

महास्फोटावर गंभीर शंका घेणे कसे असते, हे महाराष्ट्राला ठाऊक असायला हवे. २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन पावलेले जयंत नारळीकर आयुष्यभर या सिद्धांताचे टीकाकार होते. हॉइल आणि बर्बिज यांच्यासह त्यांनी १९९३ मध्ये पर्यायी प्रतिमान मांडले, त्याची समीकरणे लिहिली, निरीक्षणांशी ताडून पाहण्याची जबाबदारी घेतली. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांना ते पटले नाही. मलाही त्याची बाजू दुबळी वाटते. पण ती टीका होती, मथळा नव्हता. बाँडी, गोल्ड आणि हॉइल यांच्या १९४८ च्या मूळ स्थिर स्थिती सिद्धांतानुसार विश्व सरासरीने सर्व काळ सारखेच दिसले पाहिजे. त्या सिद्धांताच्या समर्थकाला अलकनंदा दाखवली असती तर तो खूश झाला असता : पाहा, तेव्हाही आजच्यासारखीच दीर्घिका!

त्याला उत्तर देणारे काम अलकनंदेच्याच संस्थेतून पाच वर्षे आधी आले होते. त्याची छायाचित्रे नव्हती, म्हणून ते फारसे गाजले नाही. आदित्य चौधरी, निसीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतील के. एस. द्वारकानाथ व शिव सेठी यांनी नारायणगावजवळच्या खोडद येथील 'जीएमआरटी' दुर्बिणीने सुमारे १०० तास निरीक्षणे घेतली. दीर्घिकांमधला साधा हायड्रोजन २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओलहर सोडतो. आठशे कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांकडून ती ४२ सेंटिमीटरच्या सुमाराला ताणून येते आणि इतकी क्षीण असते की एका दीर्घिकेचा संदेश गोंगाटात पूर्ण बुडतो. त्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संदेश एकमेकांवर ठेवून बेरीज केली. गोंगाट कधी वर, कधी खाली असल्याने बेरजेत तो तितका वाढत नाही. संदेश मात्र वाढतो. फायदा ७,६५३ च्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे ८७ पट. पण बेरीज जुळण्यासाठी प्रत्येक दीर्घिकेची ताम्रसृती अचूक हवी, आणि ती आधीच्या एका पाहणीत वर्णपटांनी मोजलेली होती. अलकनंदेकडे जे अजून नाही, ते येथे प्रत्येक अनामिक दीर्घिकेकडे होते.

उत्तर काय आले? त्या काळच्या सरासरी दीर्घिकेत हायड्रोजन वायू ताऱ्यांच्या वस्तुमानाइतका किंवा त्याहून अधिक होता. आजच्या मोठ्या दीर्घिकांत तो ताऱ्यांच्या तुलनेत बराच कमी असतो. आणि ज्या वेगाने तारे बनत होते त्या वेगाने तो साठा सुमारे १५० कोटी वर्षांत संपला असता. नवा वायू तितक्या प्रमाणात आला नाही, म्हणूनच विश्वातील तारानिर्मिती पुढे मंदावली, असा निष्कर्ष त्यांनी काढला. म्हणजे तेव्हाचे विश्व आजच्यासारखे नव्हते. हा निबंध ऑक्टोबर २०२० मध्ये 'नेचर'मध्ये आला. दूरच्या काळातला हायड्रोजन शोधणे हा 'जीएमआरटी' उभारण्यामागचा एक मूळ हेतू होता. ती उभारणारे गोविंद स्वरूप महिनाभर आधी, ७ सप्टेंबरला, गेले होते.

या कामालाही मर्यादा आहेच. सरासरी एकाही दीर्घिकेचे वर्णन करत नाही. वर्गाचे सरासरी वजन सांगितले म्हणून कोणता मुलगा उपाशी आहे ते कळत नाही. अलकनंदा म्हणजे नेमका एक मुलगा, जवळून पाहिलेला. शिक्षकांनी यांतील एकच सांगितले तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. माझ्यापुरते म्हणाल तर, दीर्घिका कशा बदलल्या या प्रश्नावर मी ७,६५३ च्या बेरजेला जास्त वजन देतो. आणि त्या किती लवकर सावरू शकतात या प्रश्नावर एका अलकनंदेलाही.

एक गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी. अलकनंदा सापडली त्या प्रतिमा पुण्यात काढलेल्या नाहीत. अमेरिका, युरोप आणि कॅनडा यांच्या दुर्बिणीने घेतलेल्या व सर्वांसाठी खुल्या केलेल्या पाहणीतून एका पीएच.डी.च्या विद्यार्थिनीने ती वेचली. 'भारतीयांनी शोधली' या मथळ्यातला अभिमान त्यामुळे कमी होत नाही, उलट नेमका होतो. त्याच प्रतिमा नागपूरच्या एखाद्या महाविद्यालयातल्या संगणकावरही उतरवून घेता येतात.

अलकनंदेचा वर्णपट घेतला जाईल तेव्हा पाहण्याजोगे आकडे दोन. पहिला ताम्रसृतीचा : तो ४ च्या आसपास राहतो का. दुसरा वेगांचा : तबकडीच्या एका बाजूच्या वायूची रेषा निळ्याकडे आणि दुसऱ्या बाजूची तांबड्याकडे किती सरकते, आणि त्या सरकण्याच्या तुलनेत रेषेची स्वतःची रुंदी किती. सरकणे मोठे आणि रुंदी लहान निघाली तर तबकडी शांत आहे आणि सिद्धांतकारांना काम लागले. उलट निघाले तर बाहू शेजारणीच्या धक्क्याचे असण्याची शक्यता वाढेल, आणि ती शेजारीण कुठे आहे हे शोधावे लागेल.